दोन बोटांची जागा

लग्नसराई सुरू झाली की आमच्या घरात माझी थट्टाही सुरू होते. वरातीत पोचलो की मी नवरदेवाला भेटायच्या आधी घोडीला भेटतो, असं संगीता, म्हणजे माझी बायको, साऱ्या पाहुण्यांना सांगत सुटते. खोटं नाही ते. परवा भाच्याच्या वरातीतही तेच झालं. उधन्याच्या रस्त्यावर घोडी उभी होती. पांढरीशुभ्र, गळ्यात मोत्यांच्या माळा, कपाळावर तुरा, आणि नाकावरून जबड्याखाली आवळून बांधलेला चकचकीत पट्टा. माझा हात आपोआप पुढे गेला. पट्टा आणि नाकाचं हाड यांच्यामध्ये मी दोन बोटं घालून पाहिली. एकच गेलं, तेही मोठ्या मिनतवारीनं. घोडीवाला चांगला मिशाळ गृहस्थ होता. "काका, शुं जुओ छो?" त्यानं विचारलं. काय पाहतो आहे ते त्याला कुठून सांगायला सुरुवात करावी, मला कळेना. एवढंच म्हटलं, भाऊ, दोन भोकं सैल करा. माझे पांढरे केस बघून असेल, पण त्यानं केलं. घोडीनं जबडा एकदा इकडे, एकदा तिकडे हलवला, जीभ काढून ओठ चाटले आणि मोठा सुस्कारा टाकला.

हवेत तोच सुरती हिवाळा होता. पहाटे अंगावर शहारा आणणारा आणि दहा वाजेपर्यंत स्वेटर काढायला लावणारा. हातगाडीवर पोंक आला होता, ज्वारीचा कोवळा हिरवा हुरडा आणि त्यावर लिंबूमिऱ्याची शेव. त्याचा वास आला की माझ्या नाकात त्यामागोमाग घोड्याच्या घामाचा वास येतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण माझ्या आयुष्यातल्या एका हिवाळ्यानं ते एकत्र बांधून ठेवले आहेत, आणि ती गाठ आता सुटायची नाही.

नव्वदच्या दशकातली अखेरची वर्षं. मी टेलिफोन खात्यात तक्रार नोंदवून घ्यायच्या टेबलावर होतो. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. ज्याचा फोन बंद, तो शेजाऱ्याच्या घरून बोलायचा. आणि ज्याच्या शेजाऱ्याकडेही फोन नाही त्याची तक्रार आमच्यापर्यंत येतच नसे. कागदावर त्याचं सगळं ठीक चाललेलं असायचं. हे तेव्हा मला फारसं विचित्र वाटत नव्हतं. त्या हिवाळ्यानंतर वाटू लागलं.

माझं लग्न ठरलं होतं, माघातला मुहूर्त. मुलगी सुरतेतलीच, आमच्यासारखंच धुळ्याकडून येऊन इथे रुजलेलं घर. सगळं मनासारखं होतं, एक गोष्ट सोडून. वरात घोडीवरून निघणार होती, आणि मला घोड्याची भीती वाटायची. ही भीती आमच्या घराण्यात वारशानं आलेली. माझा धाकटा मामा स्वतःच्या वरातीत घोडीवरून पडला आणि रिकिबीत पाय अडकून फरफटत गेला. कमरेचं हाड मोडलं आणि तो जन्माचा लंगडा झाला. लग्न लागलं ते खाटेवर. थोरल्या मामानं, नानामामानं, ते डोळ्यांनी पाहिलेलं. घोडीनं तोंड वासलं, लगामाची लोखंडी कडी दातांच्या एका बाजूला घेतली आणि उधळली, असं तो सांगायचा. सांगताना अजूनही त्याचा आवाज बारीक व्हायचा. वडील गेल्यापासून आमच्या घरातलं प्रत्येक कार्य नानामामाच उभं राहून पार पाडायचा, त्यामुळे माझी वरातही त्याच्याच अंगावर होती.

आईनं यावर आपल्या पद्धतीचा तोडगा काढला. सुरतेतल्याच नवागामात तिच्या माहेरच्या शिवारातले एक आप्पा होते, धुडकूआप्पा. दिवसा घोडी सांभाळायचे, रात्री मागावर कापड विणायचे. आई त्यांच्याकडे गेली आणि अहिराणीत जे काय बोलायचं ते बोलून आली. मला एवढंच सांगितलं, की उद्यापासून सकाळी सहाला जायचं आणि त्यांच्या घोडीवर बसायला शिकायचं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा सरकारी नोकर मी, शाळेत नाव घातल्यासारखा निघालो.

नवागामात रेल्वेच्या रुळांलगत चाळी. एकेका खोलीत दोन-दोन पाळ्यांचे कामगार, एक गट उठला की त्याच पथारीवर दुसरा आडवा होणार. त्या दाटीत आप्पांनी चाळीमागे पत्र्याचं एक छप्पर उभं केलं होतं. थंडी आत येऊ नये म्हणून त्याला छापताना डाग पडलेल्या साड्यांचे पडदे. गुलाबी, मोरपंखी, हळदी. त्या पडद्यांतून एक काळसर तांबडी घोडी मान बाहेर काढून उभी असायची. ती काशी. आप्पांनी तिला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून शिंगरू असताना आणलेलं. वरातीला लोकांना पांढरी घोडी लागते, काशीला बोलावणी कमीच यायची. आप्पांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट, जे तिला नेतात ते तिला बघून नेतात, असं ते म्हणत. सुरतेत प्लेग आला त्या वर्षी निम्मं नवागाम मिळेल त्या गाडीला लटकून खानदेशात पळालं, तेव्हाही आप्पा इथेच राहिले. घोडीला आगगाडीत कोण चढू देणार, एवढंच त्यांचं कारण.

आप्पा उंचीला बेताचे, अंगानं काटकुळे, पण त्यांची बोटं मात्र विलक्षण. वीसेक वर्षं मागावर काढलेली ती बोटं. मागावर सुताला तार म्हणतात. तार तुटली की दोन टोकं धरायची, बोटांत काहीतरी होतं, आणि गाठ बसलेली असते. ते कसं होतं ते मी शंभरदा पाहिलं असेल. एकदाही दिसलं नाही.

आणि आप्पांना ऐकू येत नसे. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान हळूहळू गेले होते. एकदा निरोप द्यायला मी त्यांच्या कारखान्यात गेलो होतो. दारातच थबकलो. साठ माग एकदम चालू, पायाखालची फरशी थरथरते आहे, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जाणार नाही. आणि त्या गदारोळात आप्पा कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाशी गप्पा मारत होते. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे, सावकाश आणि ठसठशीत. त्यानं तिकडून काही म्हटलं, हे हसले. नंतर मी विचारलं, काय चाललं होतं? तर तो आज डब्यात वांग्याचं भरीत आहे म्हणून चिडवत होता. मागावरची सगळी माणसं अशीच बोलतात. मी दिवसभर कानाला यंत्र लावून बसणारा माणूस, मला त्या दिवशी माझ्या कानांचा अभिमान वाटेनासा झाला.

तर शिकवणी. पहिल्या दिवशी आप्पांनी मला काशीवर बसवलं आणि रुळांपलीकडच्या मोकळ्या पडीत नेलं. धुकं होतं, लांबवर पलसाण्याच्या बाजूला रंगाईच्या कारखान्यांची धुराडी दिसत होती. काशी दोन पावलं चालली आणि मी लगाम असा आवळला, जणू पुरात दोर धरला आहे. तिनं तोंड उघडलं. मी आणखी आवळला. तिनं आणखी उघडलं. पिवळे मोठे दात बघून मला धाकटा मामा आठवला. मी ओरडलो, आप्पा, ही तोंड उघडते आहे, हिला पट्टा बांधा ना नाकावर.

आप्पांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं. काशीला काही बोलले नाहीत. माझ्या मुठींवर हात ठेवले.

"घोडी तोंड उघाडस ती तुना हातनी तक्रार शे, भाऊ," ते म्हणाले.

तक्रार नोंदवून घेणं हे माझं कामच. पण माझ्याच हातांची तक्रार माझ्याकडे आलेली ती पहिलीच.

मग त्यांनी जे केलं ते मी आजवर कुठल्या घोडेवाल्याला करताना पाहिलेलं नाही. खिशातून मागावरची एक तार काढली, पॉलिस्टरची, डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी. लगामाचा पट्टा तोंडातल्या कडीपासून सोडवला आणि मध्ये ती तार बांधली, दोन्ही बाजूंना. म्हणजे आता माझ्या हातात लगाम होता आणि घोडीच्या तोंडात कडी होती, पण दोहोंच्या मधे फक्त सूत. ओढलं की तुटणार. माझा जीव टांगणीला लागला. आप्पा पुढे चालू लागले, काशी त्यांच्या मागे, आणि दहाव्या पावलाला तट्.

"तार तुटनी," आप्पा म्हणाले. थांबले, बोटांत काहीतरी झालं, गाठ बसली, पुन्हा चालू लागले.

त्या पहिल्या सकाळी ती किती वेळा तुटली याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. दर वेळी आप्पा थांबायचे, कपाळावर एक आठी न आणता गाठ मारायचे. रात्रभर बारा तास उभं राहून हेच काम करून आलेला माणूस. मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की माझी मूठ घट्ट व्हायची आणि पुन्हा तट्. हे त्यांच्या लक्षात आलं. मग ते गाठ मारताना मला गावाकडच्या गमती सांगू लागले. मी हसायचो, हात सैल पडायचे, तार टिकायची.

तो महिना कमुरत्यांचा होता. संक्रांतीआधीच्या त्या दिवसांत इकडे कुणी लग्न काढत नाही, त्यामुळे काशीला वराती नव्हत्या आणि आम्हाला सगळी सकाळ मोकळी होती. परतताना आप्पा खजुरीची नीरा पाजायचे. कधी पोंक. काशीलाही मूठभर. आकाशात पतंग वाढू लागले तसे आप्पा चालताना खाली वाकून कापलेला मांजा उचलायचे, काशीच्या पायात अडकू नये म्हणून. काच लावलेला तो गुलाबी दोरा ते बोटाभोवती गुंडाळून घरी न्यायचे आणि चुलीत टाकायचे. उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी सगळी पडीत जागा अशा दोऱ्यांनी भरलेली होती. आम्ही दोघांनी आधी तासभर ते दोरे वेचले आणि मग मी घोडीवर बसलो. त्या दिवशी अख्ख्या फेरीत तार तुटली नाही. मी वळवायचं म्हटलं तरी वळली, थांबायचं म्हटलं तरी थांबली, सुताच्या जोरावर. मी खाली उतरलो. आप्पांनी तार सोडून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. एवढाच माझा सत्कार.

याच सुमाराला नानामामा तो पट्टा घेऊन घरी आला. त्याच्या ओळखीच्या जरीकाम करणाऱ्या कारागिराकडून खास करून घेतलेला. डाळिंबी मखमल, त्यावर जरीची वेल, मधोमध आरसा. सुरतेची जरी ती, दिव्याखाली धरली की नजर ठरत नव्हती. आईनं त्याला कुंकू लावलं. मामाचं म्हणणं सरळ होतं. तोंड बांधलेलं असलं की घोडीला कडी चुकवता येत नाही, मान वाकवून डौलात चालते, आणि व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यात दात विचकलेली घोडी येत नाही. त्यातलं पहिलं कारण तो शेवटी पुन्हा एकदा म्हणाला, त्या बारीक आवाजात. आम्ही सगळे धाकट्या मामाचाच विचार करत होतो.

मी आप्पांना घरी बोलावलं. दोघं समोरासमोर बसले, चहा झाला. आप्पांनी पट्टा हातात घेऊन जरीवरून अंगठा फिरवला, कारागिराचं मनापासून कौतुक केलं. काम ते काम, त्यात त्यांना खोट काढायची नव्हती. मग म्हणाले, नाकावर पट्टा असणं हे काही पाप नाही. डोक्यावरचा साज जागेवर राहतो, कोवळ्या घोड्याला कडी स्थिर राहते, जाणते लोकही बांधतात. पण आत दोन बोटं गेली पाहिजेत. मामा म्हणाला, दोन बोटं सैल ठेवला तर ती तोंड उघडणारच, मग बांधून उपयोग काय? आप्पा त्याच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी मामाला एकच गोष्ट सांगितली, आणि ती मी आजवर विसरलो नाही.

"मले आयकू येस नही. मी तोंड देखस, मंग समजस. तिनं तोंड बांधी टाकं, ते मी काय देखू?"

मामाला ते पटलं नव्हतं, नि त्याच्या जागी मलाही पटलं नसतं. ज्यानं भावाला फरफटत जाताना पाहिलंय त्याला दोन बोटांची जागा फार मोठी वाटते. आप्पांना पोचवायला मी कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे मी त्यांना शब्द दिला, की वरातीत पट्टा नसेल. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं आणि मान हलवली.

लग्नाच्या दिवशी चार वाजता मी तयार होऊन बाहेर आलो. डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, अंगात शिवून घेतलेला सूट, गळ्यात हार. दारात बँड वाजत होता. काशी नटून उभी होती, आप्पा तिच्या डोक्याशी, स्वच्छ पांढऱ्या टोपीत. आधी मारुतीला जायचं आणि तिथून मांडवात. आणि मामा तो डाळिंबी पट्टा हातात घेऊन पुढे आला.

मला म्हणाला, तुझ्या आईला मी शब्द दिलाय, की तुला सुखरूप मांडवात उतरवीन. त्याचे डोळे भरलेले होते. वडील असते तर ते जिथे उभे असते तिथे तो उभा होता.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नव्हे, तोंडाकडे. ते वाट पाहत होते. मुंडावळ्या त्यांना अडत असतील म्हणून मी त्या हातानं बाजूला केल्या, आणि तरीही बोललो नाही. मामाचं मन मोडवेना, चारचौघांत वाद नको वाटला, आणि खरं सांगायचं तर आतून पुन्हा तीच जुनी भीतीही वर आली होती. एवढे दिवस ज्या माणसानं माझ्यासाठी तार जोडली त्याला माझ्या ओठांवर काहीच वाचायला मिळालं नाही. त्यांनी नजर खाली घेतली आणि बाजूला सरले. मामानं पट्टा बांधला, शेवटच्या भोकापर्यंत ओढून.

वरात निघाली. काय दिसत होती काशी! मान कमानीसारखी वाकलेली, आरसा उन्हात चमकतो आहे, पाय उचलून टाकते आहे. बाया खिडक्यांतून वाकून बघत होत्या. व्हिडिओवाला उलटा चालत सगळं टिपत होता. फटाक्यांची माळ लागली, मी लगाम आवळला, तिचं तोंड मिटलेलंच. पुन्हा माळ लागली, पुन्हा आवळला, तरी मिटलेलंच. मला वाटलं, वा, आपण शिकलो. इतके दिवस तार तुटत होती आणि आज एवढ्या गर्दीत घोडीची एक तक्रार नाही.

ज्याच्या घरी फोनच नाही त्याचीही तक्रार नसते, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

आप्पा पुढे चालत नव्हते. ते काशीच्या बरोबर समोर, तिच्याकडे तोंड करून, उलटे चालत होते, व्हिडिओवाल्याच्या शेजारीच. नाचणाऱ्या पोरांचे धक्के खात, मागे न बघता. सारखं तिच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. मोठ्या माणसाचा असा कावराबावरा चेहरा मी क्वचित पाहिला आहे. त्यांची नजर गेली तिथे माझी गेली. काशीचे कान मागे चिकटले होते. मान घामानं भिजली होती. पट्ट्याच्या कडेला जरीची तार तिच्या कातडीत रुतली होती, आणि तिथून जो फेस मखमलीवर उतरत होता तो पांढरा नव्हता, गुलाबी होता. माझे हात पाहिले. पांढरे पडेपर्यंत आवळलेले.

बँड अगदी कानाशी वाजत होता. मी ओरडलो असतो तरी मामाला, पाहुण्यांना, कुणालाच ऐकू गेलं नसतं. पण ज्याला सांगायचं होतं त्याला आवाजाची गरजच नव्हती. मी मुंडावळ्या वर धरल्या, आप्पांकडे बघितलं आणि नुसते ओठ हलवले, सावकाश आणि ठसठशीत, त्यांच्या कारखान्यातल्या माणसासारखे.

पट्टा सोडा.

त्यांच्या बोटांत काहीतरी झालं. तेही मला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की पट्टा त्यांच्या खांद्यावर लोंबत होता आणि काशीनं साऱ्या वरातीसमोर, कॅमेऱ्यासमोर, उधन्याच्या भर रस्त्यात आपलं तोंड हे एवढं मोठं उघडलं होतं. माझ्या हातांनी दहा मिनिटांत तिला जे जे केलं होतं ते सगळं ती एकदम सांगत होती. मी मुठी उघडल्या. कडी आणि लगाम यांच्यामध्ये ती तार आहे असं मनाशी धरलं. तिनं तोंड मिटलं, मान खाली लांबवली, आणि साध्या चालीनं, बाजाराला निघाल्यासारखी चालू लागली. डौल गेला. आरसा गेला. पुढे फटाक्यांच्या आणखी दोन माळा लागल्या. तिनं दोन्ही वेळा तोंड उघडलं, मी दोन्ही वेळा हात सैल केले. मामा माझ्या पायाशी चालत होता. त्याचा एक हात पूर्ण वेळ माझ्या रिकिबीवर होता. मांडवाशी मी उतरलो तेव्हाच त्यानं तो काढला. तो माझ्याशी त्या दिवशी बोलला नाही, पण जेवला. आईनं सांगितलं की दोनदा जिलबी घेतली.

व्हिडिओवाल्यानं कॅसेट तयार करताना तो भाग कापायचं ठरवलं होतं. मामाचीच सूचना. संगीतानं त्याला सांगितलं की राहू द्या. नव्या नवरीनं पहिल्याच आठवड्यात मामेसासऱ्यांविरुद्ध मत दिलं म्हणून घरात थोडी कुजबुज झाली. मी विचारलं, का राहू दिलंस? ती म्हणाली, बाकी सगळ्या कॅसेटमध्ये तुम्ही पुतळ्यासारखे बसलाय, तेवढ्या एका ठिकाणी माणसासारखे दिसता.

पुढे दोन-तीन वर्षांत आप्पांचे कान पुरतेच गेले. मागाची पाळी सुटली आणि ते काशीला घेऊन शिंदखेड्याकडच्या आपल्या गावी परतले. आम्ही दोघं एकदा धुळ्याला गेलो होतो तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेलो. हिवाळाच होता. निंबाखाली काशी उभी होती, दावं म्हणून एक नुसती दोरी, तोंडावर काही नाही. आप्पा बाजेवर बसून कडब्याची पेंढी सोडत होते. मला बघून उठले, काशीला ओढून माझ्याजवळ आणलं, जणू माझीच चौकशी तिनं केली होती.

तिच्या काळसर तांबड्या नाकावर आडवा पांढरा डाग होता. त्या दिवशी जरीनं कातडी सोलली होती तिथे. आप्पांनी हळद आणि तूप लावून जखम भरून आणली होती, पण तिथे केस आले ते पांढरे आले, आणि घोड्याचे असे केस पुन्हा काळे होत नाहीत. मी त्या डागावर बोटं ठेवली. बरोबर दोन बोटं मावली.

इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते मी मोठमोठ्यानं बोलायला लागलो, की आप्पा, शब्द दिला होता आणि पाळला नाही, तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि मी गप्प बसलो. आप्पांनी हात वर करून मला थांबवलं. ओरडायची गरज नाही, अशी खूण केली. मग मी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं, चुकलो.

त्यांनी ते वाचलं. काशीच्या मानेवर हात फिरवला.

"उशीर करा तू," ते म्हणाले. "पन बोलना. मी देखं."

आणि संगीताला चहा चालतो की दूध, हे विचारायला ते घराकडे वळले.